मेनूतून नाहीशी झालेली ओळ

गेल्या मे महिन्यात थोरल्या बहिणीचा नातू सुट्टीला आमच्याकडे सांगलीला आला होता. माझ्या कामाच्या टेबलावरचा काळा, चकचकीत, फुगीर पाठीचा डबा पाहून त्याचे डोळे चमकले. तो सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ३. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भाच्याने, तो २००८ साली कॅलिफोर्नियात घेतला होता. २०१० च्या सुरुवातीला घर बदलताना तो खोक्यात गेला आणि पुढे त्याच खोक्यातून पुण्याला आला. "मामा, तुम्ही जुनी यंत्रं जमवता, तुम्हीच ठेवा," असे म्हणून भाच्याने तो माझ्या हवाली केला होता.

मी ट्रान्सफॉर्मर लावून यंत्र सुरू करून दिले. नातवाने मित्राकडून आणलेली खेळाची डिस्क आत सारली. पडद्यावर सूचना आली की हा खेळ चालवायचा असेल तर यंत्राचे सिस्टिम सॉफ्टवेअर अपडेट करावे लागेल. तो बटण दाबणार तेवढ्यात मी जवळजवळ ओरडलोच.

"काय झालं मामाआजोबा? नुसतं अपडेट तर आहे!"

त्याचे चुकले नव्हते. दिवसातून दोनदा आपले फोन हाच प्रश्न विचारतात आणि आपण न वाचता 'हो' म्हणतो. पण त्या यंत्रातल्या फर्मवेअरची आवृत्ती ३.१५ होती. सेटिंग्जच्या यादीत 'इन्स्टॉल अदर ओएस', म्हणजे 'दुसरी कार्यप्रणाली बसवा', अशी एक ओळ अजून शिल्लक होती. पुढची आवृत्ती, ३.२१, चढवली की ती ओळ जाते, आणि एकदा गेली की साध्या मार्गाने परत आणता येत नाही. या एका ओळीपायी झगडा झाला, दोन वेगवेगळे खटले उभे राहिले आणि त्यांतल्या एकाचा निकाल लागायला आठ वर्षे गेली. त्या ओळीचा इतिहास सांगायचा म्हणून हा लेख. मी अभियंता नाही. तीस वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान चालवले आणि जे शिकलो ते यंत्रे उघडून व कागदपत्रे वाचून शिकलो. वाचकांनी हे ध्यानात ठेवूनच पुढे वाचावे.

आधी दोन शब्दांविषयी. 'फर्मवेअर' हा शब्द १९६७ साली अ‍ॅशर ऑप्लर यांनी 'डेटामेशन' या नियतकालिकातील लेखात प्रथम वापरला. हार्डवेअर म्हणजे हाताला लागणारा भाग, सॉफ्टवेअर म्हणजे हवे तेव्हा बदलता येणारी सूचनावली, आणि या दोहोंच्या मधले ते फर्मवेअर. पूर्वी ते चिपमध्ये एकदा कोरले की कोरले. माझ्या दुकानात आलेल्या जुन्या टीव्हीत ते कारखान्यातून जसे निघाले तसेच भंगारात गेले. इंटरनेट आले आणि विकून झालेल्या यंत्राच्या पोटात कारखान्याचा हात पुन्हा पोहोचू लागला.

दुसरा शब्द 'होमब्र्यू'. मूळ अर्थ घरी गाळलेली बिअर. १९७५ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये संगणकवेड्यांची मंडळी जमली आणि त्यातून होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब निघाला. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी आपला पहिला अ‍ॅपल संगणक याच क्लबात दाखवला. गेम कन्सोलच्या जगात मात्र होमब्र्यू म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय, कंपनीच्या सहीशिवाय, हौसेने लिहिलेला प्रोग्राम. मराठीत त्याला 'हातभट्टी' म्हणायचा मोह होतो, आणि कंपन्या त्याकडे पाहतातही हातभट्टीच्याच नजरेने. पण घरगुती लोणचे आणि हातभट्टीची दारू यांत फरक असतो. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ तो फरक कोणी ठरवायचा, यात आहे.

सोनीला सुरुवातीला घरगुती लोणच्याचे वावडे नव्हते, उलट कौतुकच होते. पहिल्या प्लेस्टेशनच्या काळात कंपनीने नेट यारोझे नावाचे काळ्या रंगाचे खास यंत्र विकले. घरी बसून स्वतःचा छोटा खेळ लिहिणाऱ्या हौशी माणसासाठी ते होते. २००२ मध्ये प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच अमेरिका व युरोपात विक्रीला आला. त्यात हार्ड डिस्क, कीबोर्ड, माउस असे सारे साहित्य होते. नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आला तेव्हा वेगळा संच घ्यायचीही गरज उरली नाही. ती सोय यंत्राच्या मेनूतच दिली होती. हार्ड डिस्कचा एक भाग तोडून द्यायचा आणि त्यावर लिनक्स बसवायचे. टेरा सॉफ्ट सोल्यूशन्स या कंपनीचे 'यलो डॉग लिनक्स' त्यासाठी तयारच होते.

एक मेख मात्र मारून ठेवली होती. यंत्राच्या तळाशी हायपरव्हायझर नावाचा पहारेकरी प्रोग्राम बसवला होता. लिनक्सला यंत्र वापरता येई, पण चित्रे काढणाऱ्या चिपची पुरी ताकद त्याच्या हाती लागू देत नसत. म्हणजे पाहुण्याला ओसरी दिली, माजघर नाही. लिनक्सवरून फुकटात मोठे खेळ चालू नयेत, हा हेतू उघड होता.

ओसरी असली तरी ती साधीसुधी नव्हती. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेला 'सेल' हा प्रोसेसर या यंत्रात होता. एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली गणिते उरकणारे आठ छोटे गाभे, अशी त्याची रचना होती. प्लेस्टेशन ३ मध्ये त्या आठांपैकी सात चालू असत. एक पहारेकऱ्याच्या कामात जाई, उरलेले सहा वापरायला मिळत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ येथील भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी २००७ मध्ये असे आठ प्लेस्टेशन जोडून कृष्णविवरांची गणिते सोडवायला घेतली. त्यांतली काही यंत्रे खुद्द सोनीनेच देणगी दिली होती. स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे दोनशे प्लेस्टेशनची फळी उभी राहिली. तिच्या बळावर २००८ च्या डिसेंबरात संशोधकांनी एमडी५ या जुन्या सुरक्षापद्धतीतला दोष सप्रमाण दाखवला आणि इंटरनेटवर बनावट प्रमाणपत्र तयार करता येते हे सिद्ध केले. अमेरिकी हवाई दलाच्या न्यूयॉर्क राज्यातल्या रोम येथील प्रयोगशाळेने तर सुमारे सतराशे प्लेस्टेशन एकत्र बांधून 'काँडॉर' नावाचा महासंगणक उभारला. खर्च सुमारे वीस लाख डॉलर. त्या ताकदीचा महासंगणक रीतसर मार्गाने घ्यायचा तर याच्या कित्येक पट पैसे पडले असते.

इथे व्यापाराची बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर कंपनीवर अन्याय होईल. आयसप्लाय या संस्थेने नोव्हेंबर २००६ मध्ये यंत्र उघडून केलेल्या अंदाजानुसार ५९९ डॉलरना विकल्या जाणाऱ्या प्लेस्टेशनचा उत्पादनखर्च सुमारे ८४० डॉलर होता. यंत्र तोट्यात विकायचे आणि खेळांच्या डिस्कवर तो तोटा भरून काढायचा, हा या धंद्याचा रिवाज. कृष्णविवराचा अभ्यासक आणि हवाई दल एकही डिस्क घेणार नाहीत. त्यांना विकलेले प्रत्येक यंत्र म्हणजे घरचे घालून केलेली उलाढाल. ऑगस्ट २००९ मध्ये कंपनीने यंत्राची सडपातळ, स्वस्त आवृत्ती जाहीर केली आणि तीत 'अदर ओएस'ची ओळ ठेवली नाही, त्याचे मला नवल वाटत नाही. नवे यंत्र, नव्या अटी. पटले तर घ्या. त्याच सुमारास कंपनीत लिनक्सचे काम पाहणाऱ्या अभियंत्याने जुन्या गिऱ्हाइकांना स्पष्ट कळवलेही होते की आधी विकलेल्या यंत्रांतली ही सोय पुढच्या कोणत्याही फर्मवेअरमध्ये बंद केली जाणार नाही. हे आश्वासन पुढे खटल्याच्या कागदपत्रांत आले.

ते टिकले सात-आठ महिने.

जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या वीस वर्षांच्या अमेरिकी मुलाने प्लेस्टेशन ३ च्या पहारेकऱ्याला चकवल्याचे जाहीर केले. सतराव्या वर्षी आयफोनचे कुलूप उघडून त्याने आधीच नाव कमावले होते. प्लेस्टेशनवर त्याने केलेली युक्ती मला दुरुस्तीवाला म्हणून फार आवडली, म्हणून थोडी फोड करून सांगतो. त्याने लिनक्समधून पहारेकऱ्याकडे मेमरीचा एक तुकडा मागितला आणि मग 'आता परत घे' असे सांगितले. पहारेकरी नोंद खोडत असतानाच त्याने स्मृतीच्या तारेवर नॅनोसेकंदांत मोजावा असा, डोळ्याच्या पापणीलाही न कळणारा विजेचा धक्का दिला. खोडण्याचा हुकूम वाटेतच हरवला. तलाठ्याने फेरफार झाला असे समजून वही मिटावी आणि सातबाऱ्यावर मात्र जुनेच नाव राहावे, तसे झाले. पहारेकऱ्याच्या लेखी जमीन परत आली होती. प्रत्यक्षात ती अजून लिनक्सच्याच ताब्यात होती, आणि त्या फटीतून पहारेकऱ्याच्या घरात शिरता आले.

ही युक्ती 'अदर ओएस'च्या ओसरीवरूनच करता येत होती, हे खरे. ती करायला यंत्र उघडून तारा जोडाव्या लागत आणि तिच्यामुळे एकही चोरीचा खेळ चालू शकत नव्हता, हेही तितकेच खरे. २८ मार्च २०१० रोजी सोनीने जाहीर केले की १ एप्रिलला येणारी ३.२१ ही आवृत्ती सुरक्षेच्या कारणासाठी 'अदर ओएस' काढून टाकील. तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली. ज्याला लिनक्स ठेवायचे असेल त्याने अपडेट करू नये, अशी मुभा होती. पण मग ऑनलाइन खेळ बंद, कंपनीचे दुकान बंद, आणि नवी फर्मवेअर मागणारे खेळ व ब्लू-रे चित्रपटही बंद.

या मुभेला मी मुभा म्हणत नाही. विकताना दोन्ही गोष्टी एकाच किमतीत दिल्या होत्या. आता त्यांतली कोणती टाकायची ते गिऱ्हाइकाने निवडायचे होते. प्रयोगशाळांचे दुखणे वेगळे होते. त्यांची यंत्रे इंटरनेटच्या वाऱ्यालाही उभी नव्हती, त्यामुळे चालू फळीला धक्का लागला नाही. पण एखादे यंत्र बिघडले की बदली मिळणार ते नव्या फर्मवेअरचे किंवा सडपातळ जातीचे. दोन्ही त्यांच्या कामाला निरुपयोगी.

अपडेट ही मुळात वाईट गोष्ट आहे असे माझे म्हणणे नाही. याच यंत्राला मार्च २००७ मधल्या अपडेटने स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 'फोल्डिंग अ‍ॅट होम' हा प्रकल्प दिला होता. प्रथिने घडीत कशी दुमडतात याचे गणित लोकांची रिकामी बसलेली यंत्रे रात्रभर करत. लाखो लोकांनी त्यासाठी यंत्रे चालू ठेवली. मग २०१२ च्या अपडेटने तेही काढून घेतले. देणारा आणि नेणारा हात एकच असतो.

आता या कथेतला खरा कळीचा प्रसंग. २९ डिसेंबर २०१० रोजी बर्लिनमध्ये केऑस कॉम्प्युटर क्लबच्या सत्ताविसाव्या अधिवेशनात 'फेलओव्हरफ्लो' या गटाने भाषण केले. ही मंडळी निन्टेंडोच्या वी यंत्रावर होमब्र्यू आणण्याच्या कामातून पुढे आलेली. वीचे कुलूप २००८ मध्ये कसे उघडले, ते सांगायचा मोह आवरत नाही. 'झेल्डा'च्या एका खेळात नायकाच्या घोडीला नाव देता येते. जतन केलेल्या खेळाच्या फाइलीत त्या नावाच्या जागी मर्यादेबाहेरचा मजकूर घातला की यंत्र गोंधळून तो मजकूरच प्रोग्राम म्हणून चालवू लागे. एका घोडीच्या नावाने कोट्यवधींच्या यंत्राचा दरवाजा उघडला!

बर्लिनमध्ये त्यांनी मांडलेला मुद्दा असा. एक्सबॉक्स, वी वगैरे यंत्रे बाजारात आल्यावर थोड्याच काळात फुटली. प्लेस्टेशन ३ मात्र चार वर्षे जवळपास अभेद्य राहिले. का? कुलूप भारी होते म्हणून नव्हे. ज्यांना कुलूप उघडण्याची अक्कल होती, त्या होमब्र्यूवाल्यांना लिनक्स आधीच मिळालेले होते. त्यांना दार फोडायचे कारणच नव्हते. चोरीचे खेळ चालवणारे मागाहून त्यांच्या खांद्यावर चढतात, स्वतः दार फोडत नाहीत. सोनीने ओसरी काढून घेतली आणि अक्कलवाल्यांना कामाला लावले.

हा युक्तिवाद त्यांच्या सोयीचा आहे, हे उघड आहे. मीही बरेच दिवस त्याकडे संशयाने पाहत होतो. तारखा लावून पाहिल्यावर मात्र त्यात तथ्य वाटू लागले. ऑगस्ट २०१० मध्ये बाजारात आलेल्या 'पीएसजेलब्रेक' या यूएसबी काडीने चोरीचे खेळ खरोखर चालू लागले. तिचा 'अदर ओएस'शी काही संबंध नव्हता, आणि ती ओळ काढूनही तोवर साडेचार महिने उलटले होते. ज्या भीतीपोटी ओळ काढली ती ओळ काढल्याने टळली नाही.

बर्लिनच्या भाषणाचा दुसरा भाग गणिताचा होता. कंपनीच्या प्रत्येक प्रोग्रामवर एक गणिती सही असते. सही तपासता कोणालाही येते. करता येते ती फक्त गुप्त किल्ली जवळ असलेल्याला. प्रत्येक सहीच्या वेळी एक नवा, यदृच्छेने निवडलेला आकडा वापरायचा असतो. सोनीने दर वेळी एकच आकडा वापरला होता. त्याने काय बिघडते हे मी कागदावर छोटे आकडे घेऊन पाहिले. मूळ गणित याहून खूप अवघड, पण सांगाडा हाच.

समजा, नियम असा की सही गुणिले यदृच्छ आकडा म्हणजे प्रोग्रामची संख्या अधिक तीन वेळा गुप्त किल्ली. पहिल्या प्रोग्रामची संख्या ११, सही ८. दुसऱ्याची संख्या १९, सही १०. यदृच्छ आकडा दोन्हीकडे तोच असेल तर वजाबाकी करायची. ११ आणि १९ मधला फरक ८, ८ आणि १० मधला फरक २. म्हणजे यदृच्छ आकडा ४. आता पहिल्या सहीत तो घालायचा. ८ गुणिले ४ म्हणजे ३२, त्यातून ११ गेले, उरले २१, भागिले ३. गुप्त किल्ली ७. आठवीच्या पोराला यावे असे हे गणित! अब्जावधींच्या उद्योगाची किल्ली दोन अज्ञातांच्या दोन समीकरणांत सापडावी, हे मला आजही खरे वाटत नाही.

फेलओव्हरफ्लोने पद्धत सांगितली, किल्ली छापली नाही. काही दिवसांतच, जानेवारी २०११ च्या पहिल्या आठवड्यात, हॉट्झने यंत्राची सर्वांत तळची किल्ली प्रसिद्ध केली. ती बदलणे कंपनीच्या हाती नव्हते, कारण विकल्या गेलेल्या यंत्रांच्या हार्डवेअरशी ती बांधलेली होती. ११ जानेवारीला सोनीने कॅलिफोर्नियात त्याच्यावर दावा लावला. त्याच्या संकेतस्थळाला कोणकोणत्या पत्त्यांवरून भेट दिली गेली ती यादी मागवण्याची परवानगीही न्यायालयाने मार्चमध्ये कंपनीला दिली. एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली. हॉट्झने पुन्हा सोनीच्या यंत्रांच्या वाटेला न जाण्याचे कबूल केले. आपण खरेदी केलेल्या यंत्राचे कुलूप उघडण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, यावर निकाल झालाच नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०१० मध्ये फोनचे कुलूप उघडायला सूट दिली होती. २०१२ मध्ये तीच सूट गेम कन्सोलसाठी मागितली गेली तेव्हा नाकारली.

तडजोडीनंतर थोड्याच दिवसांत कोणीतरी प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसून ७.७ कोटी खात्यांची माहिती उघडी पाडली आणि ते नेटवर्क तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिले. या दोन घटना एका माळेत ओवून सांगण्याची पद्धत पडली आहे. मी तसे करणार नाही. तारखा जवळ आहेत एवढेच. त्यांना जोडणारा पुरावा नाही.

दुसरा खटला गिऱ्हाइकांचा. एप्रिल २०१० मध्येच कॅलिफोर्नियात सामूहिक दावा दाखल झाला, की विकलेली वस्तू मागाहून कमी करणे ही फसवणूक आहे. २०११ अखेर जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. जानेवारी २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने काही मुद्द्यांवर तो पुन्हा जिवंत केला. २०१६ मध्ये तडजोडीचा पहिला मसुदा आला. लिनक्स वापरणाऱ्याला ५५ डॉलर आणि नुसती सोय गमावणाऱ्याला ९. तो टिकला नाही. शेवटी साडेसदतीस लाख डॉलरचा निधी ठरला आणि प्रत्येकी ६५ डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे २०१८ मध्ये मंजूर झाले. तोपर्यंत प्लेस्टेशन ३ चे उत्पादनही थांबलेले होते. त्याच्या जागी आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये अशी ओळ पहिल्यापासूनच नव्हती, त्यामुळे काढून घेण्याचा प्रश्नच उरला नाही.

भाच्याला मी या भरपाईबद्दल विचारले. अमेरिकेत १ नोव्हेंबर २००६ ते १ एप्रिल २०१० या काळात यंत्र घेतलेल्यांत तो बसत होता. त्याने जुनी मेल चाळली, तर नोटीस आलेली होती, न उघडता पडून. मुदत केव्हाच संपलेली. "पण मामा, माझ्या यंत्रातून तर काही गेलंच नाही ना?" तो म्हणाला. खरेच होते. त्याचे यंत्र त्या वेळी खोक्यात झोपले होते.

नातवाची डिस्क मी काढून त्याच्या हातात दिली तेव्हा तो रुसला. दुपारी मी त्याला शेजारी बसवून ती ओळ दाखवली आणि आम्ही दोघांनी मिळून लिनक्स बसवले. मेमरी तुटपुंजी, त्यामुळे प्रत्येक खिडकी उघडायला वेळ लागतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याने स्वतःचे नाव छापणारा दोन ओळींचा प्रोग्राम लिहिला, तो चालला, आणि मग त्याने विचारले की यात तो खेळ चालेल का. नाही चालणार, मी म्हणालो. तो खेळायला बाहेर गेला. यंत्राची इंटरनेटची तार मी तेव्हापासून काढूनच ठेवली आहे.